सहा, सहा, आठ

३ फेब्रुवारी, सोमवार

निघताना पडतो.

शंकासुराने टेबलाशी येऊन एवढंच सांगितलं आणि उभा राहिला. आमचा टेस्टर. शंका काढल्याशिवाय त्याला घास गिळत नाही म्हणून हे नाव, आणि या नावाने हाक मारली तरी ओ देतो. काय पडतो? तर रक्ततपासणीच्या यंत्रातला प्रोग्राम. डिसेंबरात आम्ही त्या यंत्राच्या कॉम्प्युटरला नवा कर्नल पाठवला तेव्हापासून. नमुना घेतो, मोजतो, अहवाल लिहितो — सगळं व्यवस्थित. काम आटोपून बाहेर पडताना कोसळतो. मग अहवालाची शेवटची ओळ लिहायची राहते. दहात तीनदा. आणि आकडा असतो तो नेमका शेवटच्या ओळीत.

"एका बाईचं रक्त तीनदा काढलं म्हणे," शंकासुर म्हणाला.

"बघते," म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. दात काढताना गाल बधिर करतात तसं, फक्त गालापुरतं नाही.

घरी भात उरला. हात अजून दोघांचा घेतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वकिलीणबाईंकडे. टेबलावर फायलींचा ढीग, वर पेपरवेट म्हणून एक दगड. घटस्फोटाच्या अर्जात 'व्यवसाय' असा रकाना होता. "नेमकं काय करता तुम्ही?"

सांगितलं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कुठलाही प्रोग्राम सुरू करायचा तर तो मेमरीत चढवायचं काम त्याचं. पण प्रत्येक जातीच्या प्रोसेसरचे नियम निराळे, म्हणून प्रत्येकाची एक छोटी फाइल असते. हा प्रोग्राम आपल्याच प्रोसेसरसाठी आहे का, कुठल्या पत्त्यावर ठेवायचा, आणि सुरू करण्याआधी रजिस्टरं पुसायची. रजिस्टरं म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेले खण. सोळा आहेत. आधीच्या प्रोग्रामचं त्यात काहीबाही उरलेलं असतं. नवा भाडेकरू यायच्या आधी आपण कपाटाचे खण रिकामे करतो ना, तसं. आमच्या प्रोसेसरच्या त्या फाइलची राखण माझ्याकडे.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी 'नोकरी' लिहिते," म्हणाल्या.

सह्या अठ्ठावीसला, शुक्रवारी. कागद दाखल होणार सोमवारी. "दाखल होईपर्यंत कागद तुमचा. दाखल झाला की कोर्टाचा." मग विचारलं, "दोघांची संमती आहे ना? बोलणं झालंय?"

म्हटलं, पत्र पाठवलं होतं. उत्तर आलंय — 'ठीक.'

"बस, एवढंच?"

त्याच्या मानाने पुष्कळ झालं, म्हटलं. बाई हसल्या. मीही हसले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. म्हणजे कुठे ते नाही, काय ते.

सात नंबरच्या रजिस्टरमध्ये काहीतरी उरतंय. आमच्या प्रोसेसरवर एक ठराव आहे — प्रोग्राम सुरू होताना सातमध्ये शून्य असेल तर ठीक. नसेल तर तो पत्ता समजायचा, आणि काम संपवून जाताना त्या पत्त्यावर जाऊन यायचं. कुणी आपल्याला चिठ्ठी द्यावी, 'निघालीस की इथे डोकावून ये,' तशी. आता चिठ्ठीत कचरा असेल तर माणूस जाणार कुठे? खड्ड्यात.

दिवसभर बरोबर वागतो बिचारा. आधीच्याचं उरलेलं घेऊन फिरतोय हे त्याला जाताना कळतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही. नळाचा वॉशर बदलला. पाना त्याने नेलेला नाही. बरंच काही नेलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

माझ्याच फाइलमध्ये निघालं. काखेत कळसा.

रजिस्टरं पुसायची यादी. शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सहा, आठ. पुढे पंधरापर्यंत सरळ. सहा दोनदा. सात एकदाही नाही. अकरा वर्षं ही यादी मी वाचतेय. डोळा त्यावरून घसरत गेला, कारण ओळी सोळाच्या सोळा आहेत. मोजल्या तर बरोबर भरतात.

प्रत्येक बदल कुणी केला याची नोंद राहते; ही कुणाची ते काढलं. त्याची. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, १९ ऑगस्ट.

साहेब मागून बघत होते. "मौनीबाबा! वाटलंच मला." ऑफिसात त्याला सगळे मौनीबाबाच म्हणायचे. नऊ तास शेजारच्या टेबलावर बसून चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक मला — 'निघायचं?' सप्टेंबरात त्याने ही नोकरी सोडली. घर सोडलं नोव्हेंबरात.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. दुरुस्ती पाठवताना खाली एक ओळ लिहायची — कुठल्या नोंदीतली चूक सुधारतोय ते. नुसता क्रमांक आणि मथळा असतो, पण त्या क्रमांकावर बोट ठेवलं की लिहिणाऱ्याचं नाव येतं. कर्नल कुणा एका कंपनीचा नाही, जगभरची माणसं मिळून लिहितात, म्हणून हे सगळं जाहीर ईमेल-लिस्टवर जातं. तीन-चारशे माणसं वाचतात. एका ओळीनेही उत्तर न देणारी माणसं, पण विसरत काही नाहीत.

"घाला त्याची नोंद आणि पाठवा," साहेब म्हणाले. "तो कुठे इथे आहे भांडायला. आणि असता तरी बोलला असता थोडाच!"

सगळे हसले. मीही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नणंदेचा फोन. तीन महिन्यांत तिने फोन बंद केलेला नाही, हे तिचं मोठेपण. की तिला बोलल्याशिवाय राहवत नाही, हेही असेल. भावाच्या वाटणीचं देवाने हिला दिलंय.

"वहिनी, आमच्या दादाला म्हणे कर्नलचा एक मोठा विभाग सांभाळायला देणार आहेत. महिनाअखेर ठरणार. मला काही कळत नाही त्यातलं, पण मोठं आहे ना ते?"

मोठं आहे, म्हटलं. आमच्यात याहून मोठं फारसं नसतं. ते देताना एकच गोष्ट बघतात — या माणसाच्या हातून काय काय निसटलंय.

"काय म्हणतो तो?" मी विचारलं.

"काय म्हणणार? वकिलाचं पत्र आलं म्हणाला आणि चहा प्यायला."

१२ फेब्रुवारी, बुधवार

१९ ऑगस्ट. सकाळपासून ती तारीख डोक्यात. दुपारी डबा उघडला आणि आठवलं. डबा तसाच बंद केला.

तेव्हा मी ऑफिसात नव्हतेच. रजेवर होते. आई हॉस्पिटलात होती, खिडकीकडच्या कॉटवर. मी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. काहीतरी करत राहायला हवं म्हणून ती फाइल लिहायला घेतली होती. यादी माझी आहे. मी लिहिली. सहा लिहिलं, तेवढ्यात आई म्हणाली, पाणी दे गं. दिलं. दोन घोट प्यायली. उशी सारखी केली. परत येऊन बसले आणि सहा लिहिलं.

रजेवर असलेल्या माणसाने नोंद करायची नाही असा नियम होता. फाइल त्याला पाठवली. त्याने स्वतःच्या नावावर चढवली. नंतर नाव बदलून घेऊ, म्हणाला होता. शनिवारी आई गेली. मग कोण नाव बदलतंय.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. संन्याशाचं नावही मौनीबाबा! हसू यायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांना सांगितलं नाही. उद्या सांगेन असंही ठरवलेलं नाही. नुसतं सांगितलं नाही.

शंकासुर आला. "मॅडम, एक शंका."

"बोला."

"चूक अकरा वर्षांची. मग अकरा वर्षं कुणी पडलं कसं नाही? डिसेंबरातच का?"

या माणसाला खरंच एखादी पदवी द्यायला हवी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शंकासुराने दोन दिवस बसून शोधून काढलं. कागद माझ्या टेबलावर उपडा ठेवला आणि गेला. एवढी समज त्याला असेल असं वाटलं नव्हतं.

दुसरी फाइल आहे. प्रोग्राम प्रत्यक्ष उभा करण्याची, माझ्या यादीनंतर लगेच चालते. ती तो सांभाळायचा. तिच्यात एक ओळ होती — सात नंबर शून्य. नुसता सात. बाकी काही नाही. वर शेरा: 'काढायची असेल तर आधी मला विचारा.' इंग्रजीत होता, पण तो याच आवाजात लिहितो.

ती ओळ त्याने घातली अकरा वर्षांपूर्वी, २४ सप्टेंबरला. आईला जाऊन महिना झाला होता.

ती काढली २ डिसेंबरला. कुणी? मी. नाव माझं, वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, खाली कारण — 'अनावश्यक. सात आधीच पुसलेला असतो.'

तो घरातून गेला शुक्रवारी, २९ नोव्हेंबरला. सोमवारी मी त्याच्याकडची, सप्टेंबरपासून बेवारस पडलेली फाइल ताब्यात घेतली आणि साफसफाई केली. सकाळी घरचं कपाट केलं होतं. दुपारी हे. शेरा दिसला होता का? दिसला असणार. वाचला होता. कुणाला विचारणार होते? त्याला? त्याच्याशी बोलायचं नाही म्हणून तर सगळं चाललं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

म्हणजे त्याला माहीत होतं.

महिनाभरात सापडलं होतं त्याला. माझ्या फाइलमध्ये दुरुस्त केलं असतं तर ते माझ्या नजरेखालून गेलं असतं. मी तारीख बघितली असती. मला ते स्टूल आठवलं असतं. पाणी आठवलं असतं. म्हणून त्याने स्वतःच्या फाइलमध्ये झाकण घातलं आणि अकरा वर्षं गप्प बसला. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर. संध्याकाळी 'निघायचं?'

नणंद असती तर म्हणाली असती, बघ किती जपत होता.

मला राग आला. चक्क राग. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि ते हे. एका मिनिटाचं काम होतं! 'अगं, तुझा सात राहिलाय.' पाच शब्दसुद्धा नाहीत. मी रडले असते, सातची ओळ घातली असती, संपलं असतं. मी काय काचेची होते? त्याने झाकलं, मी झाकण काढलं, आणि तिसऱ्याच बाईचं रक्त तीनदा काढलं. झाकून ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. हे त्याला समोर उभं करून सांगायचंय.

नोव्हेंबरातही असंच ओरडले होते. भिंतीशी बोलतेय मी, म्हटलं. असंच राहायचं असेल तर दुसरीकडे राहा. त्याने आत जाऊन बॅग भरली. इस्त्रीचे शर्ट राहिले.

मी हे म्हणाले. तो गेला. मध्ये काही झालंच नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

राग गेला. परत गाल बधिर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी विचारलं, दुरुस्ती कुठे अडली? बंद केबिनमध्ये सगळं सांगितलं. यादी माझी, झाकण त्याचं, झाकण काढलं ते मी.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "हे तुमच्या घरातलं झालं. लिस्टवर कशाला? नोंदीत नाव त्याचं आहे. नोंद खोटं बोलत नाही."

"नोंद खोटंच बोलतेय, साहेब."

"राखण जाईल तुमची. अकरा वर्षं चूक दिसली नाही, वर झाकणही तुम्हीच काढलं. लोक काय म्हणतील?"

जाऊ दे, म्हटलं. शौर्य वगैरे नव्हतं. खरंच काही वाटलं नाही. बधिर असण्याचा एवढा एक फायदा.

"उद्या विचार करून सांगा," म्हणाले. कुणी आपल्या मनासारखं बोललं नाही की साहेबांना उद्या आठवतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाठवलं. सकाळी अकरा वाजता.

बदल एका अक्षराचा. दुसऱ्या सहाचा सात केला. खाली रिवाजाप्रमाणे नोंदींचे क्रमांक, दोन. एक १९ ऑगस्टचा, एक २ डिसेंबरचा. आणि त्याखाली लिहिलं — 'पहिल्या नोंदीवर नाव दुसऱ्याचं असलं तरी ती यादी मी लिहिली होती. मी रजेवर होते, म्हणून त्याने चढवली. त्याच्या लक्षात आल्यावर त्याने बचावाची ओळ घातली. ती मी त्याला न विचारता काढली. दोन्ही चुका माझ्या.'

तीनदा वाचलं. 'त्याला न विचारता' हे शब्द खोडून बघितले. परत घातले.

शंकासुराने लांबून अंगठा दाखवला. मग येऊन म्हणाला, "मॅडम, एक शंका." मी म्हटलं, आज नको. "बरं," म्हणाला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. त्यात साखर नव्हती. मी साखर घेत नाही हे त्याला कुणी सांगितलं असेल? इथे माझा चहा एकच माणूस आणायचा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिस्टवर सहा उत्तरं. चार कोरडी. एकाने विचारलंय की अशा राखणदारावर विसंबायचं का. रास्त आहे.

सहावं त्याचं. ते 'ठीक' सोडलं तर तीन महिन्यांत त्याचे पहिले शब्द. तेही तीनशे माणसांसमोर.

'चालवून पाहिलं. दुरुस्ती बरोबर आहे. दिसलेली चूक न सांगणं ही तिसरी चूक. ती माझी. तीही नोंदवावी.'

मोजले. सोळा शब्द. माणसाने उधळपट्टी केली म्हणायची.

हे उत्तर त्या विभागवाल्यांनीही वाचलं असणार. महिनाअखेर तोंडावर. गप्प बसला असता तर स्वच्छ सुटला असता, मी सगळं अंगावर घेतलंच होतं. आणि नेमकं आत्ता बोलला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शंकासुराने प्रोग्राम नऊशे वेळा चालवला. एकदाही पडला नाही. प्रयोगशाळांना कळवलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नणंदेचा फोन. विभाग त्याला मिळाला. एका म्हाताऱ्या राखणदाराने म्हणे लिहिलं, स्वतःहून चूक सांगणारा माणूस आम्हाला हवाच आहे. ती भलतीच खूश. मग एकदम म्हणाली, "वहिनी, शुक्रवारी मीपण येऊ का?"

नको, म्हटलं.

"दादाला काय हवंय तुला माहितेय का?"

ठीक म्हणालाय तो, मी म्हटलं.

"तो डेंटिस्टलासुद्धा ठीकच म्हणतो गं."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

फोन हातात घेतला. ठेवला. काय विचारायचं ते सुचत होतं. कसं, ते नाही.

त्याच्या शर्टांना घडी मोडून पुन्हा इस्त्री केली. पाच. पिशवीत भरले. उद्या देऊन टाकेन.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तारीख ठरली होती म्हणून गेले. तोही म्हणूनच आला असावा. वाळलाय. सगळं सुरळीत झालं. वकिलीणबाईंनी दगड उचलला, कागद काढले. आधी माझी सही, मग त्याची. पेन एकच होतं. शर्टांची पिशवी दिली. 'थँक्स' म्हणाला. मी ठीक होते. दारापर्यंत अगदी ठीक होते.

जिन्यात विचारलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा असं विचारलं असेल. "तुला जायचं होतं का?"

"नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू जा म्हणालीस. विचारलं नव्हतंस."

तिथेच पायरीवर बसले आणि रडले, आईच्या वेळी रडायचं राहिलं होतं तेही. तो खालच्या पायरीवर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. मग म्हणाला, "निघायचं?" कुठे, ते नाही म्हणाला. मी विचारलं.

कागद सोमवारी दाखल होतात. आज शुक्रवार.